लिहिणाऱ्या माणसानं संध्याकाळच्या मालिका बघाव्यात का?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. मी सेलूची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि कथा लिहिते. दिवाळी अंकांसाठी ऑगस्ट संपायच्या आत कथा द्यावी लागते, म्हणून सध्या एक लांबत चाललेली कथा हातात आहे. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादातून बोलणं तुटलेल्या दोन भावांची.

आमच्या घरी सात वाजले की टीव्ही लागतो तो दहापर्यंत. सासूबाई, जाऊबाई, लेकरं सगळी समोर असतात आणि मलाही त्यांच्यात बसायला आवडतं. लिहायला बसते ती पहाटे. पण रात्री कानावर पडलेलं पहाटेपर्यंत डोक्यात राहतं, आणि त्याबद्दलच विचारायचं आहे.

मालिकेतला माणूस मनातलं सगळं बोलून दाखवतो. राग आला तर राग आलाय म्हणून सांगतो, तो का आला तेही सांगतो, आणि ऐकायला कुणी नसलं तर देवघरापुढं उभं राहून सांगतो. माझ्या आसपासची माणसं अशी नाहीत. गल्लीत नवराबायकोचं बिनसलं तर बाई पाण्याचा तांब्या जरा जोरात खाली ठेवते. बोलणं बंद झालेला भाऊ दुसऱ्या भावाच्या पोराला हाक मारून ओंजळभर शेंगा देतो आणि तसाच शेताकडं निघून जातो. कथेत हे न बोललेलंच लिहायचं असतं, असं मला अगदी मनापासून वाटतं. म्हणून कथा हातात असेपर्यंत मालिकांपासून लांब राहावं आणि चांगलं गद्य वाचावं, असं माझं मत झालंय.

तुमचं काय? लिहीत असताना काय वाचता? टीव्हीचा तुमच्या लिहिण्यावर, घरातल्या बोलण्यावर काही परिणाम जाणवतो का?

मांजराकाठचा

पूर्ण सहमत. फक्त मालिकांसोबत मोबाइलपण बाजूला ठेवा ताई. आमच्याकडं टीव्ही चालू असतो आणि त्याच्यासमोर बसलेले पाचही जण आपापल्या फोनात असतात.

माळरान

मी पाटोदा तालुक्यातला शेतकरी. लिहीत नाही, वाचतो भरपूर. ताई, तुमचं मत मला अर्धंच पटलं.

आपली माणसं बोलत नाहीत हे कुणी सांगितलं? आमच्या पारावर येऊन बसा एकदा. कुणाच्या सोयऱ्यानं काय केलं, कुणाच्या सोयाबीनला काय भाव आला, कोण कुणावर रुसलंय, सगळं मोकळं असतं. बायांचं म्हणाल तर जात्यावरच्या ओव्यांत काय कमी बोललंय? सासरचा जाच, माहेरची आठवण, भावाचं कौतुक, सगळं नाव घेऊन. गंगाखेडची जनाबाई तर थेट विठ्ठलाला शिव्या घालते. मनातलं बोलून दाखवणं मालिकेनं आणलं नाही, ते आपल्याकडं सातशे वर्षांपासून आहे. शांत, सोशिक, न बोलणारा खेडूत ही मला पुस्तकातून आलेली कल्पना वाटते.

दुधनाकाठ

माळरान दादा, फार चांगला मुद्दा मांडलात. ओव्यांचं खरंच आहे. पण बघा, ती बाई ओवी कधी म्हणते? पहाटे, जात्यापाशी, जोडीला फार तर जाऊ किंवा नणंद असते. जिच्याबद्दल तक्रार आहे त्या सासूच्या तोंडावर ती काही म्हणत नाही. जनाबाईसुद्धा विठ्ठलालाच बोलते. कुणाजवळ बोलायचं आणि कुणासमोर गप्प राहायचं हे आपल्या माणसाला नेमकं कळतं. मालिकेत तो फरक राहत नाही, तिथं सगळे सगळ्यांसमोर बोलतात. माझं दुखणं तिथं आहे.

आजीचा नातू

हिंगोलीहून. आमची आजी मालिका बघताना स्वतःच बोलते. "माय, त्या दुधात काहीतरी कालवलंय, पिऊ नकोस!" नायिका तरीपण पिते. मग आजी तासभर कुणाशी बोलत नाही.

रमाताई जालना

😄 आमच्या सासूबाई पण अशाच! खलनायिका पडद्यावर आली की पदर डोक्यावर ओढून घेतात, जणू ती घरातच आलीये.

पुस्तकपेटी

कळंबजवळच्या एका गावात आमचं 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, ते मी सांभाळतो. वाचनाबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या भागात वाचनालय ही साधी गोष्ट नव्हती. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, वरचं शिक्षण उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं ते उर्दू माध्यमातच. मराठी शाळा आणि मराठी वाचनालयं लोकांनी पदरमोड करून उभी केली. पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेली कितीतरी माणसं याच शाळा-वाचनालयांतून तयार झाली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपण मोकळे झालो, भाषावार प्रांतरचनेआधी १९५५ मध्ये हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा आला, आणि महाराष्ट्राचा आला १९६७ मध्ये. आज आमचं जे तुटपुंजं अनुदान येतं ते या कायद्याच्या आधारानं.

आता वाचक. सकाळी म्हातारी माणसं वर्तमानपत्राला येतात. दिवसभर पोरं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसतात, त्यांना टेबल, पंखा आणि वायफाय हवं असतं. कथा-कादंबऱ्या नेतात त्या बाया, आणि त्यातल्या बहुतेक जणी संध्याकाळी मालिकाही बघतात. त्यांच्यात मला कधी भांडण दिसलं नाही. एक मावशी तर पुस्तक परत देताना सांगतात, "यातली सून मालिकेतल्या सुनेपेक्षा खरी आहे." म्हणजे त्या दोन्ही शेजारी ठेवून मोजतात. त्यामुळं टीव्ही वाचणाऱ्याचं नुकसान करतो हे मला मान्य नाही. लिहिणाऱ्याचं करतो का, ते तुम्ही लिहिणारे सांगा.

पडद्यामागचा

मी सांगतो, कारण मी दोन्हीकडं आहे. मूळचा बीड जिल्ह्यातला, आता मुंबईत मालिकांचे संवाद लिहितो. दुधनाकाठ ताईंनी माझ्याच कामाबद्दल लिहिलंय, तेव्हा जरा लांब उत्तर देतो.

दैनंदिन मालिकेच्या नामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी बहुधा वेगवेगळी नावं दिसतात. कथा पुढं कुठं जाणार हे वाहिनीच्या लोकांसोबत बसून ठरतं. त्यावर पटकथाकार प्रसंग पाडतो आणि ते माझ्याकडं येतात. अर्ध्या तासातून जाहिराती गेल्या की बावीस-तेवीस मिनिटं हातात उरतात. शेवटी प्रेक्षक उद्या परत आला पाहिजे असं काहीतरी लागतं. काही भाग आधी चित्रित करून ठेवायचे असतात, त्याला आम्ही बँक म्हणतो. सणासुदीत, पावसात, कुणी आजारी पडलं की ती बँक संपते. मग सकाळी लिहिलेलं दुपारी कलाकाराच्या हातात जातं. दर गुरुवारी रेटिंगचे आकडे येतात आणि त्यावर पुढच्या आठवड्याची कथा हलते.

आता मुद्द्याचं. आमची पात्रं सगळं बोलून का दाखवतात? कारण मालिका बघितली जाते त्यापेक्षा जास्त ऐकली जाते. सात ते दहा ही आपल्या घरातली स्वयंपाकाची वेळ. बाई चुलीपाशी किंवा गॅसपाशी उभी आहे, टीव्ही बाहेरच्या खोलीत आहे, तिची पाठ पडद्याकडं आहे. नायिकेनं तांब्या जोरात ठेवला तर तिला तो दिसणार नाही. भाकरी थापायच्या आवाजात ऐकूही येणार नाही. तिला कळायचं असेल तर नायिकेनं बोललंच पाहिजे. शिवाय काल लाइट गेली म्हणून तिचा भाग चुकला असेल, तर कालचंही आज कुणाच्या तरी तोंडून आलं पाहिजे. मी लिहिताना माझी माय डोळ्यांसमोर ठेवतो. तिनं आयुष्यभर असंच, काम करता करता ऐकलं. आधी परभणी आकाशवाणी, आता मालिका.

ताई, तुम्ही कथा लिहिता ती डोळे कागदावर ठेवून बसलेल्या माणसासाठी. मी लिहितो ती हात कामात असलेल्या बाईसाठी. दोन्ही लिहिणंच आहे, आणि दोन्हीला सारखीच मेहनत पडते.

रमाताई जालना

पडद्यामागचा दादा, हे वाचून मी स्वयंपाकघरातून उठून बाहेर आले! अगदी असंच आहे. मला मालिकेतली माणसं आवाजावरून ओळखू येतात, काहींचे चेहरे आठवतही नाहीत. आमच्याकडं फक्त शेवटची दोन मिनिटं सगळे काम सोडून बघतात.

मांजराकाठचा

विषय निघालाच आहे तर एक विचारतो. सगळ्या मालिकांतलं गाव कोल्हापूर-साताऱ्याकडचंच का असतं? आता अधूनमधून विदर्भ, खान्देश, कोकण दिसायलेत. आपला मराठवाडा दिसतो तो बातम्यांत, तोही दुष्काळ पडला तर.

पडद्यामागचा

चित्रीकरण मुंबई-ठाण्याजवळ नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात होतं, कारण कलाकार, तंत्रज्ञ, राहायची सोय, वाडे सगळं तिथं आहे. संभाजीनगर, नांदेड, लातूरहून नाटकातली पुष्कळ पोरं आता मुंबईत आलीयेत. ती आपली बोली घेऊन आलीत. मी प्रत्येक मालिकेत एक तरी पात्र "काय करायलास?" म्हणणारं ठेवायचा प्रयत्न करतो. कधी राहतं, कधी वाहिनीवरून बदलून येतं. मी ठेवणं सोडणार नाही.

औसेकर

दुष्काळाचं आणि बातम्यांचं निघालं म्हणून लिहितो. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा कॅमेरे आले होते. पण माझ्या मनात त्याच्या आधीचं आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गावागावांत गणपतीचं विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. पहाटे चार वाजायच्या थोडं आधी किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडची घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर माळवद, त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात तीच घरं गार असायची. त्या पहाटे तीच माणसांवर बसली. मी तेव्हा शाळेत होतो. आमचं घर वाचलं, मामाचं गाव गेलं.

मग कॅमेरेवाले आले. त्यांनी विचारलं की लोक उत्तर द्यायचे, एक-दोन वाक्यं. मामी काहीच बोलली नाही. ती दिवसभर ढिगाऱ्यातून भांडी काढायची, घासायची आणि ओळीनं मांडायची. टीव्हीवर ते आलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. म्हणून दुधनाकाठ ताईंचं म्हणणं मला आतून पटतं.

पण पुढचंही सांगतो. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, सुटे सुटे प्लॉट, मजबूत घरं. घरं चांगली मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती. मामी ओट्यावर बसून तीन घरांशी बोलायची. नव्या गावात शेजारीण लांब गेली, हाक पोचेना. काही वर्षांनी घरात टीव्ही आला आणि मामी त्याच्यासमोर बसायला लागली. त्यात कुणीतरी सतत बोलत असायचं. ती मालिका बघत होती का, मला माहीत नाही, पण आवाज बंद केलेला तिला चालायचा नाही. मी कविता लिहितो. मामीवर अजून लिहिलेलं नाही. ती भांडी घासायची ते लिहीन, आणि टीव्ही लावून बसायची तेही लिहीन. एकच लिहिलं तर मामी पुरी होणार नाही.

पुस्तकपेटी

औसेकर, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. लिहा. आमच्याकडं भूमपासून उमरग्यापर्यंत त्या पहाटेच्या आठवणी असलेली माणसं आहेत, त्यांनाही हे वाचायला हवं.

दुधनाकाठ

औसेकर दादा, नमस्कार करते. बाकी नंतर लिहीन.

पैठणची गोदा

कॉलेजात मराठी शिकवते, पैठणजवळ राहते. इथं दोन बाजू पडल्यासारख्या दिसतायत, न बोलणाऱ्यांची आणि बोलून दाखवणाऱ्यांची. गंमत म्हणजे आमच्या एकाच गावाशी दोन्ही जोडलेल्या आहेत.

चक्रधरस्वामींचा पैठणला मुक्काम होता. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या, ते लीळाचरित्र. आपल्या मराठी गद्याची ही सुरुवात. त्यातल्या लीळा किती छोट्या आहेत! कुणी येतं, काही विचारतं, स्वामी मोजकं बोलतात, लीळा संपते. कुणाला काय वाटलं याचं वर्णन जवळजवळ नसतंच. कोण कुठं बसलं, काय खाल्लं, काय म्हणालं, एवढ्यावर माणूस उभा राहतो. दुधनाकाठ ताई, कथा हातात असताना वाचायला मी हेच सुचवेन. जुनी मराठी पहिली काही पानं अडवते, मग कान सरावतो.

आणि त्याच पैठणात तीनशे वर्षांनी एकनाथ महाराजांनी भारुडं लिहिली. भारुडातलं पात्र आल्या आल्या मी कोण, मला काय झालंय हे स्वतः सांगून टाकतं. सांगावंच लागतं, कारण समोर यात्रेतली माणसं उभी आहेत, पोरं रडतायत, मागच्याला दिसत नाहीये. पडद्यामागचा जे भाकरी थापणाऱ्या बाईबद्दल म्हणाले, तेच नाथांसमोर होतं. तेव्हा मोठ्यानं बोलणारं ते हलकं आणि मोजकं बोलणारं ते भारी, असं मी वर्गात कधी शिकवत नाही. भारुडात बोलण्याच्या आत दुसरा अर्थ असतो, विंचू चावला म्हणताना काम-क्रोधाचं चाललेलं असतं. मालिकेच्या संवादात तो आतला अर्थ आला, तर त्या बाईला भाकरी थापता थापता किती मिळेल!

पडद्यामागचा

गोदाताई, हा प्रतिसाद मी उतरवून घेतला. आमच्या लेखकांच्या बैठकीत वाचून दाखवतो.

माळरान

भारुडावरून आठवलं. १९८७ साली रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' लागायचं तेव्हा आमच्या गावात एकच टीव्ही, काळा-पांढरा. लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावायची. हिंदी न कळणाऱ्या म्हाताऱ्या बायांना एक जण पुढं उभा राहून मराठीत सांगायचा, आणि मधेच स्वतःचं घालायचा. माझ्या लेखी गावातलं ते शेवटचं आख्यान. त्याच्यानंतर प्रत्येक घरात वेगळा टीव्ही आला.

पहाटवाचक

मी संभाजीनगरला राज्यसेवेची तयारी करतो. पुस्तकपेटी काकांनी म्हटलेल्या टेबल-पंखावाल्या पोरांतला. आम्ही गोष्टी वाचत नाही असा सगळ्यांचा समज आहे. दिवसभर अभ्यासाची पुस्तकं वाचून डोळे थकतात, म्हणून रात्री फोनवर एखादी वेबसीरिज बघतो. तीत फार शांतता असते, माणसं बोलत नाहीत, कारण ती हेडफोन लावून एकट्यानं बघायची असते. पडद्यामागचा सरांचं म्हणणं त्यावरून जास्त पटलं. कोण, कुठं, कसं बघणार यावर बोलणं ठरतं. आणि अशीच एक शांत मालिका बघून मला कथा वाचावीशी वाटली.

जुना कारकून

परभणी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सगळं वाचलं, दोन शब्द लिहितो.

आमच्या गावचे बी. रघुनाथ. निजामाच्या काळात बांधकाम खात्यात कारकून होते. दिवसभर उर्दू कागदपत्रं आणि घरी मराठी कथा-कविता. १९५३ मध्ये गेले तेव्हा जेमतेम चाळिशीचे होते. मी नोकरीत असताना फायलींचा कंटाळा आला की त्यांची आठवण काढायचो. टीव्ही नव्हता त्यांच्या काळी, पण दिवसभर कानावर परकी भाषा होती, आणि पोट तिच्यावर होतं. तरी लिहिताना आपली मराठी त्यांच्या हाताला आली. आपल्याच जिल्ह्यातले आसाराम लोमटे, ज्यांच्या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते पत्रकार. रोज बातमीची भाषा लिहायची आणि कथेची वेगळी ठेवायची. बेटा, कान झाकून लिहिता येत असतं तर आपल्याकडं कुणी लिहिलंच नसतं. मालिका बघ, घरच्यांसोबत बस. फक्त पहाटेची वेळ कुणाला देऊ नको.

दुधनाकाठ

काका, तुमचं शेवटचं वाक्य पाळणार.

या सगळ्यांचं वाचून काल पहाटे एक केलं. दोन भावांचा जो प्रसंग अडला होता तो आधी पडद्यामागचा दादांच्या माईसाठी लिहिला. मोठा भाऊ सगळं बोलतो: धुरा दोन हात सरकला त्याचं, वडिलांच्या दवाखान्याचा खर्च कुणी केला त्याचं, बहिणीच्या लग्नात मान कुणाला मिळाला त्याचं. चार पानं झाली. त्याच्या पोटात एवढं आहे हे मलाही नीट माहीत नव्हतं. मग त्यातलं त्याच्या तोंडून काय निघेल ते ठेवलं. पारावर, तिऱ्हाईतासमोर, तो दवाखान्याच्या खर्चाचं बोलेल, माळरान दादा म्हणतात तसं मोकळं. भावासमोर मात्र तो फक्त मोटारीचा पाइप बाजूला कर म्हणेल. बहिणीच्या लग्नाचं कुठंच बोलणार नाही, आणि तेच खरं कारण आहे.

कथेतल्या न बोललेल्यावर माझा विश्वास आहे तिथंच आहे. मालिका बंद करायचा विचार मात्र सोडला. सासूबाईंना विचारलं, तुम्ही बघता की ऐकता? म्हणाल्या, "दोन्ही नाही, तुम्ही सगळे एका जागी बसता म्हणून लावते."

आजीचा नातू

सासूबाईंना हिंगोलीहून दंडवत.

रात्रपाळी

नांदेडला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, धागा आत्ता वाचला. रात्री वॉर्डात टीव्ही नसतो, दोन कामांमध्ये दहा-पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात पूर्ण होईल असं काय वाचू? कादंबरी मधेच सोडून उठावं लागतं आणि पुन्हा धागा सापडत नाही. गोदाताईंनी सांगितलेल्या लीळा लहान आहेत म्हणता, मला जमतील का? मराठी दहावीपर्यंतच शिकले.

पैठणची गोदा

जमतील. खाली आजच्या मराठीत अर्थ दिलेली आवृत्ती घ्या. एका बैठकीत एकच लीळा वाचा, पण मोठ्यानं, म्हणजे पेशंट झोपलेले नसतील तेव्हा. अडलं तर इथंच विचारा, मी रोज रात्री एकदा येते.

पुस्तकपेटी

नांदेडच्या ताई, जवळच्या वाचनालयात सभासद व्हा आणि कथासंग्रहांचं कपाट विचारा. आमच्याकडं तरी त्यालाच सगळ्यात कमी हात लागतो, त्यामुळं हवं ते बहुतेक जागेवर असतं. दुधनाकाठ ताई, अंक निघाला की एक प्रत आमच्यासाठी राखून ठेवा, पैसे पाठवतो. त्या मावशींना द्यायचाय.